शाकाहारी बाई, मॅड काऊ आणि रक्तदान

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि त्याआधी यूकेत काही वर्षं काढलेल्या आपल्या बऱ्याच लोकांना हा अनुभव आलेला असणार, पण कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, म्हटलं आपणच लिहावं. मी मूळची सांगलीची, माहेरी अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आत आलं नाही, आणि मी आजही पूर्ण शाकाहारी आहे. तरी मॅड काऊच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या गाईंच्या एका रोगाच्या, भीतीपायी माझं रक्त या देशात कुणाला चालत नव्हतं. हे ऐकून लोक आधी हसतात, मग माझ्या वतीने चिडतात. माझं दोन्ही करून झालंय, त्यामुळे आता जरा शांतपणे सांगू शकते.

लग्न ८७ सालचं. अहो ट्रेनिंगसाठी आधीच तिकडे होते, त्यामुळे मी सांगलीहून थेट साउथ वेल्सला (न्यू साउथ वेल्स नव्हे, जुनं, पावसाचं). ज्युनिअर डॉक्टरची नोकरी म्हणजे सहा-सहा महिन्यांनी हॉस्पिटल बदलायचं, पगार बेताचा, आणि मी नुसती घरात बसून खिडकीतून पाऊस बघत राहिले असते तर कठीण होतं, म्हणून शेजारणीच्या ओळखीने एका प्रायमरी शाळेच्या किचनमध्ये दुपारचं काम धरलं. तिकडे त्या बायकांना डिनर लेडी म्हणतात. मुलांना वाढायचं, टेबलं पुसायची, ट्रे धुवायचे. मी मांसाच्या ट्रेला हात लावायला कचरते हे हेडकूकच्या लगेच लक्षात आलं आणि तिने काही न बोलता मला बटाटे आणि मटारच्या बाजूला सरकवलं. शेजारच्या ट्रेत खिमा, बर्गर, ग्रेव्ही. मुलं रांगेने यायची आणि बर्गर संपला म्हटलं की तोंडं पाडून माझे मटार घेऊन जायची.

मॅड काऊ तेव्हा टीव्हीवर सारखं चालू असायचं. गाय उठायला जाते, मागचे पाय फाकतात आणि ती घसरून पडते, ती क्लिप बहुतेकांनी पाहिली असेल. हा रोग म्हणजे बीएसई, ब्रिटनमध्ये १९८६ साली पहिल्यांदा ओळखला गेला, आणि त्याचं कारण मी फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाई "शिव शिव" म्हणाल्या होत्या. कत्तलखान्यातलं उरलंसुरलं मांस आणि हाडं शिजवून, दळून ती भुकटी परत गाईंच्याच खुराकात घालत होते. गवत खाणाऱ्या जनावराला त्याच्याच जातीचं मांस. १९८८ मध्ये त्यावर बंदी आली, पण तोवर जे पोटात जायचं ते गेलेलं, त्यामुळे आकडा वाढतच गेला, १९९३ च्या सुरुवातीला तर आठवड्याला हजाराच्या आसपास नवीन गाई सापडत होत्या. एकूण १ लाख ८० हजारांहून जास्त गाईंना रोग झाल्याचं सिद्ध झालं आणि खबरदारी म्हणून मारलेल्या गुरांचा आकडा ४० लाखांच्या वर गेला.

१९९० च्या मे महिन्यात ब्रिस्टलकडचं एक सयामी मांजर तसल्याच रोगाने मेल्याची बातमी आली, पेपरवाल्यांनी त्याचं नाव मॅड मॅक्स करून टाकलं. मांजराला होतो तर माणसाला का नाही होणार, हा प्रश्न शाळेच्या गेटवर उभ्या असलेल्या आयांनासुद्धा पडला. त्याच महिन्यात शेतीमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला, ब्रिटिश बीफ एकदम सेफ आहे हे दाखवायला. आमची हेडकूक ते बघून म्हणाली, पोरगी खात का नाहीये मग? त्या वर्षी बऱ्याच कौन्सिलांनी शाळेच्या मेन्यूतून बीफ काढलं, आमच्याकडेही काढलं, आणि टर्कीचे तुकडे आले. मला त्याचं काय, मी मटारवर.

आता मागे वळून बघताना त्या बर्गरच्या ट्रेचा विचार येतो. स्वस्तातल्या बर्गरमध्ये मशीनने हाडांवरून खरवडून काढलेलं मांस असायचं, त्यात पाठीच्या कण्यालगतचा भागही यायचा, म्हणजे जिथे हे रोगाचं द्रव्य सगळ्यात जास्त असतं नेमका तोच. कण्यावरून असं मांस काढायला बंदी आली १९९५ च्या शेवटी. ती रांगेतली मुलं आता चाळिशीत असतील.

आणि १९९१ च्या हिवाळ्यात अहोंचा अपघात झाला. नाइट करून घरी येताना रस्त्यावर बर्फाचा पातळ थर, गाडी घसरून कठड्यावर गेली, प्लीहा फाटली, पोटात रक्तस्राव. ऑपरेशन झालं आणि रक्ताच्या पिशव्या लागल्या. मी काचेतून बघत होते, एक पिशवी संपत आलेली, चपटी झालेली, नर्स ती काढून दुसरी लावत होती, आणि पिशवीवर फक्त ग्रुप आणि बारकोड. कुणीतरी एक वेल्समधला माणूस कामावरून जाताना थांबून रक्त देऊन गेलेला, त्याला आम्ही माहीत नाही आणि आम्हाला तो माहीत नाही. आपण हे फेडायचं, एवढं मी तेव्हा मनाशी पक्कं केलं. पण नंतर मुलं झाली, १९९५ ला मेलबर्नला आलो, आणि ते राहून गेलं.

मेलबर्नला येऊन वर्ष व्हायच्या आत, २० मार्च १९९६ ला, ब्रिटनचे आरोग्यमंत्री स्टीफन डोरेल यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं की दहा तरुण रुग्णांमध्ये सीजेडीचा एक नवीन प्रकार सापडलाय आणि त्याचा संबंध बीएसईशी असण्याचीच शक्यता जास्त आहे. सीजेडी म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-याकोब डिसीज, मेंदूचा. सहा वर्षं सेफ सेफ म्हणून सांगत होते आणि मग हे. आमच्याकडे त्या रात्री फोनवर फोन, वेल्समधल्या मैत्रिणी रडत होत्या, कारण पोरांना काय काय खाऊ घातलं ते कुणाला आठवणार?

रक्तदानाला मी प्रत्यक्षात निघाले ते २००२ मध्ये, बाली बॉम्बस्फोटानंतर. खूप ऑस्ट्रेलियन गेले होते त्यात, भाजलेले लोक विमानाने आणत होते, आणि आमच्या ऑफिसमधले काही जण लंच टाइममध्ये रक्त द्यायला निघाले, मीही पर्स उचलली. तिथे फॉर्म होता, त्यात एक प्रश्न: १९८० ते १९९६ या काळात तुम्ही इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंड वगैरे भागात सगळे दिवस मिळून सहा महिने किंवा जास्त राहिला होता का? मी हो वर खूण केली. खिडकीमागची मुलगी फार गोड होती, तिने फॉर्म परत वाचला आणि म्हणाली सॉरी, तुमचं घेता येणार नाही. मी म्हटलं अगं मी बीफ खातच नाही, जन्मात नाही खाल्लं, मी हिंदू आहे, ब्राह्मण आहे (हेही बोलून गेले, त्या बिचारीला काय कळणार). ती म्हणाली खाण्याचा प्रश्नच नाही, राहण्याचा आहे. बरोबरचे सगळे आत गेले, त्यातला एक तर रोज दुपारी बीफ पाय (मांस भरलेली पेस्ट्री) खाणारा, आणि मी बाहेर बाकावर त्यांचे कोट सांभाळत बसले.

घरी येऊन मी जी काही फणफणले! अहो भूलतज्ज्ञ, ते ऐकून घेतात आणि मग लेक्चर देतात. पण त्या दिवशी त्यांनी सांगितलेलं माझ्या डोक्यात बसलं ते असं.

हा रोग जंतूमुळे होत नाही, व्हायरस नाही, बॅक्टेरिया नाही. आपल्या मेंदूत एक प्रोटीन असतंच, निरुपद्रवी. त्याची घडी बिघडली की तो प्रिऑन होतो, आणि त्याच्या संपर्कात आलेल्या चांगल्या प्रोटीनची घडीही तो स्वतःसारखी बिघडवतो. चमचाभर विरजण पातेलंभर दुधाचं दही करतं तसं. फरक हा, की विरजण उकळलं तर मरतं, प्रिऑन उकळून मरत नाही, नेहमीच्या निर्जंतुकीकरणालाही पुरून उरतो, फॉर्मेलिनमध्ये ठेवला तरी टिकतो. हळूहळू मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात. ज्याच्यात जीव म्हणावं असं काहीच नाही, ना डीएनए ना आरएनए, त्याने रोग कसा पसरेल म्हणून शास्त्रज्ञांनी स्टॅन्ली प्रुसिनर यांना कित्येक वर्षं वेड्यात काढलं होतं, १९८२ ला त्यांनी प्रिऑन हे नाव दिलं आणि १९९७ ला नोबेल मिळालं.

मी म्हटलं ते सगळं ठीक, माझ्या रक्ताचा काय संबंध? तेव्हा त्यांनी पापुआ न्यू गिनीतलं कुरूचं सांगितलं. तो भाग तेव्हा ऑस्ट्रेलियाच्याच ताब्यात होता आणि मायकेल आल्पर्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने अख्खं आयुष्य त्यावर घालवलं. तिथल्या डोंगरातल्या फोरे लोकांमध्ये मेलेल्या नातेवाइकाचं शरीर घरच्यांनी खाऊन त्याला निरोप द्यायचा, अशी अंत्यविधीची रीत होती, प्रेमाने करायचे ते. त्यातून बायका आणि मुलांमध्ये कुरू पसरला, आधी तोल जातो, मग कापरं, मग गिळता येत नाही. हाही प्रिऑनचाच. पन्नासच्या दशकात सरकारने ती रीत थांबवली, त्यानंतर जन्मलेल्या पोरांना हा रोग झाला नाही. पण आधी लागण झालेले? त्यांच्यातले काही जण पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी आजारी पडले. म्हणजे माणूस पन्नास वर्षं धडधाकट, शेती करतोय, नातवंडं खेळवतोय, आणि आत विरजण लागलेलं.

आणि अशा धडधाकट माणसाचं रक्त तपासून सांगता येईल अशी टेस्टच रक्तपेढ्यांकडे नव्हती, आजही सरसकट वापरायला नाही. एचआयव्हीची आहे, हिपॅटायटिसची आहे, याची नाही. मग काय करणार? कोण कुठे होतं एवढंच विचारता येतं. मी बीफ खाल्लं नाही हे मला माहीत, खिडकीतल्या मुलीने कशावरून मानायचं, आणि जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात ते) कशाकशात असतं, कुठल्या सूपमध्ये कसला स्टॉक होता हे मी तरी शपथेवर सांगू शकते का? वेल्समध्ये पहिल्या वर्षी मी जेली चवीने खात होते, ती कशाची असते ते कळलं तेव्हा सोडली. व्हीसीजेडीच्या (हा नवीन प्रकार) रुग्णांमध्ये कित्येक वर्षं शाकाहारी असलेलंही कुणी होतं, लहानपणी मांस खाल्लेलं तेवढं पुरलं. तर नियम सरळ होता: सहा महिने राहिलात, बाहेर.

हे मला पटलं, पण मंडळातल्या लोकांना पटवता पटवता नाकी नऊ आले. गणपतीत, दिवाळीत, कुठेही विषय निघाला की कुणीतरी म्हणणार हा सरळसरळ भेदभाव आहे, आपण कुठे गाय खातो. कशाचा भेदभाव? इंग्रजांवरही तीच बंदी होती की, मेलबर्नमध्ये यूकेहून आलेले गोरे केवढे आहेत, ते सगळे आमच्याच बाकावर. आणि खुद्द ब्रिटनला तर आपल्या सगळ्याच लोकांवर बंदी घालणं शक्य नव्हतं, त्यांनी दुसरं केलं, १९९८ पासून औषधं बनवायला लागणारा प्लाझ्मा (रक्तातला पेशी सोडून उरलेला पातळ भाग) बाहेरून आणायला लागले आणि १९९९ च्या शेवटापासून रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळून काढायला लागले, कारण प्रिऑन असलाच तर तो पांढऱ्या पेशींबरोबर जाण्याची शक्यता बरीच.

पुण्याला गेले की मामेभाऊ म्हणायचा, ताई इथे कोण विचारतंय, चल माझ्याबरोबर कॅम्पला, बाटली दे आणि बिस्किटाचा पुडा घेऊन ये. मी गेले नाही. मेलबर्नच्या माणसाला जे चालत नाही ते पुण्यातल्या माणसाला चालेल हे कुठलं गणित?

आता जे सांगणार आहे ते मी घरातसुद्धा फार बोललेले नाही. डिसेंबर २००३ मध्ये बातमी आली की ब्रिटनमध्ये रक्तातून व्हीसीजेडी गेल्याची पहिली केस सापडली. १९९६ मध्ये कुणीतरी रक्त दिलं होतं, तेव्हा तो ठणठणीत, पुढे काही वर्षांत तो व्हीसीजेडीने गेला, आणि ज्याला ते रक्त चढवलं तो २००३ मध्ये त्याच रोगाने गेला. नंतर अशा आणखी केसेस निघाल्या, रक्त चढवलेले तिघे व्हीसीजेडीने गेले, चौथा दुसऱ्याच कारणाने गेला पण त्याच्या शरीरात प्रिऑन सापडला. चौघांनाही मिळालेलं रक्त गाळण्याच्या आधीच्या काळातलं.

आमचं १९९१ चं. गाळलेलं नाही.

अहोंनी पेपर घडी करून ठेवला आणि चहा मागितला. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. पण त्यांनी रजिस्ट्रार (हॉस्पिटलमधला शिकाऊ डॉक्टर) असताना वेल्समध्ये साध्या सीजेडीचा एक पेशंट पाहिलेला होता, त्याचं वर्णन मला आधीच तोंडपाठ होतं. (साधा म्हणजे आपोआप होणारा, खाण्याशी-बिण्याशी काही संबंध नाही, जगभर सगळीकडे दर १० लाखांमागे वर्षाला एक-दोघांना होतो, भारतातही होतो, बहुतेक साठीच्या आसपास.) रिटायर्ड मास्तर होते. घड्याळाचं चित्र काढा म्हटलं तर सगळे आकडे एका बाजूला. शेजारी कुणी टाळी वाजवली की सगळं अंग दचकून उडायचं. इस्टरला बागकाम करत होते, दिवाळीच्या सुमारास, म्हणजे आमच्या दिवाळीच्या, गेले. व्हीसीजेडी त्याहून हळू, वर्षभर किंवा थोडं जास्त, आणि सुरुवात नैराश्याने, चिडचिडीने, म्हणून सुरुवातीला कित्येक जणांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं. आणि वय कोवळं, निम्म्याहून जास्त रुग्ण तिशीच्या आतले.

मग पुढची दोन-तीन वर्षं मी नवऱ्याकडे चोरून बघत असायचे. किल्ली विसरले, बघ. चिडले, बघ. जिना उतरताना कठडा धरला, बघ. एकदा मुलीने मागून फुगा फोडला आणि हे दचकले, तर माझ्या हातातली वाटी पडली. त्यांना हे कळत होतं, कारण एकदा जेवताना त्यांनी स्वतःहून कागद घेतला, त्यावर घड्याळ काढलं, आकडे नीट, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर, आणि माझ्या ताटाशेजारी सरकवलं. "झालं समाधान? आता आमटी वाढ." तो कागद मी अजून ठेवलाय.

वर्षं गेली तशी भीती बोथट झाली. व्हीसीजेडीने २००० मध्ये सगळ्यात जास्त माणसं गेली, २८, आणि मग आकडा उतरतच गेला. यूकेत सगळे मिळून १७८. लाखो लोक मरतील म्हणून घाबरले होते, तसं झालं नाही. अर्थात पूर्ण निश्चिंत व्हावं असंही नाही, २०१३ मध्ये ३२ हजारांवर लोकांची काढून ठेवलेली अपेंडिक्स तपासली तेव्हा दर २,००० माणसांत एकाच्यात तो बिघडलेला प्रोटीन सापडला होता. ती माणसं आजारी पडतील की नाही तो प्रश्न वेगळा, पण विरजण होतं. ऑस्ट्रेलियात सीजेडीची नोंद ठेवणारी रजिस्ट्री आमच्या मेलबर्नमध्येच आहे, १९९३ पासून, आणि त्यांच्याकडे व्हीसीजेडीची एकही केस नाही.

२०२२ च्या एप्रिलमध्ये मुलीने लिंक पाठवली, "आई, तुझी बंदी उठतेय". वाचलं तर खरंच. रेडक्रॉस लाइफब्लड (इथली रक्तपेढी) आणि सिडनीच्या कर्बी इन्स्टिट्यूटने मिळून हिशोब मांडला होता की बंदी उठवली तर त्यामुळे कुणाला व्हीसीजेडी होण्याची शक्यता शंभर कोटींत एकापेक्षाही कमी, आणि रक्ताच्या पिशव्या मात्र वर्षाला ५८ हजारांच्या आसपास जास्त मिळतील. २५ जुलैपासून चालू. अमेरिकेनेही त्याच वर्षी उठवली. मला हे आवडलं, की वीस वर्षं थांबले, आकडे बघितले आणि मग नियम बदलला. घाबरून घातलेला नियम काढायची हिंमत फार कमी ठिकाणी असते.

पण त्यात एक ओळ होती. १ जानेवारी १९८० नंतर यूकेत ज्यांना रक्त चढवलंय त्यांना अजूनही देता येणार नाही. मी ती अहोंना वाचून दाखवली. ते म्हणाले, बरोबरच आहे, मी असतो तरी तेच केलं असतं. म्हणजे घरात स्टेक खाणारा आणि रक्त घेतलेला एकजण, त्याची बंदी कायम, आणि मटारवाली मी सुटले.

अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळाली, सुरुवातीच्या दिवसांत गर्दी होती. पहिल्यांदा देणाऱ्याने तासभर धरून चालावं. आदल्या दिवशीपासून पाणी प्यायचं आणि निघण्याआधीच्या तीन तासांत पाऊण लिटर, हे ते बजावून सांगतात, आणि पोटभर खाऊन जायचं, आपल्याकडच्यासारखं उपाशीपोटी ब्लड टेस्टला जातात तसं नाही. मी दहीभात खाऊन गेले. अजून मास्कचे दिवस होते. फोटो आयडी दाखवला, टॅबलेटवर फॉर्म. आजार, औषधं, प्रवास, टॅटू, सुई, सगळं विचारतात, लाजायचं नाही. प्रिऑनचे प्रश्न अजूनही आहेत बरं का, फक्त वेगळे: घरात कुणाला सीजेडी होता का, मेंदूच्या ऑपरेशनमध्ये दुसऱ्या माणसाच्या मेंदूवरचं आवरण बसवलं होतं का, १९८६ च्या आधी पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) हॉर्मोनची इंजेक्शनं घेतली होती का. हा शेवटचा प्रश्न काय म्हणून मी अहोंना नंतर विचारलं, तर तो या देशाचा स्वतःचा जुना घाव आहे. १९६७ ते १९८५ इथे सरकारी योजनेतून मुलं होत नसलेल्या बायकांना आणि वाढ न होणाऱ्या मुलांना मेलेल्या माणसांच्या पिट्युटरी ग्रंथींपासून काढलेलं हॉर्मोन देत होते, २ हजारांहून जास्त जणांना दिलं, आणि त्यातून काही जण सीजेडीने गेले. १९९४ मध्ये चौकशीचा मोठा रिपोर्ट आला. मूल व्हावं म्हणून इंजेक्शन घ्यायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघत बसायचं की आपल्याला होतोय का. मला त्या बायकांचं फार वाटलं.

मग बंद खोलीत एक नर्स, माझ्याच वयाची, बोलायला वेल्सची वाटली म्हणून विचारलं तर स्वान्सीची निघाली. तीही वीस वर्षं इतरांची रक्तं घेत होती आणि स्वतः देऊ शकत नव्हती. पहिल्याच आठवड्यात देऊन आली म्हणे. बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिलं, बायकांना १२० लागतं (आपल्या हिशोबाने १२), माझं थोडं वर निघालं, शाकाहारी असून बरं आहे असं ती म्हणाली तेव्हा मी मेथी, नाचणी सगळं ऐकवून घेतलं. भारतात मलेरियाच्या भागात राहिलेलं असल्याने मलेरियाची टेस्ट वेगळी होते, आणि भारतातून नुकतंच आलेलं असाल तर चार महिने फक्त प्लाझ्मा घेतात, लाल पेशी वापरत नाहीत. कोविडमुळे माझं सांगलीला जाणंच झालेलं नव्हतं, तो अडथळा टळला. मग तिच्यासमोर सही करायची, खोटं लिहिलं तर शिक्षा होते हे त्यात स्पष्ट लिहिलंय.

खुर्ची आरामखुर्चीसारखी, पाय वर. सुई जाताना चरचरतं, नंतर काही नाही. पाय एकमेकांवर टाकून मांड्या आवळायच्या आणि सोडायच्या, चक्कर येत नाही त्याने. पिशवी खाली एका पाळण्यात हलत असते, गरम होती, नळी हाताला लागली तेव्हा कळलं आपलं रक्त किती गरम असतं. ४७० मिली, दहा मिनिटं पण लागली नाहीत. मी पिशवीवरचं लेबल वाकून बघायला गेले तर नर्स ओरडली, हलू नका.

नंतर खाण्याच्या टेबलावर बसवतात, पंधरा-वीस मिनिटं उठायचं नाही. आणि तिथे प्लेटमध्ये काय, तर गरमागरम पार्टी पाय. बीफचे! मी एवढी हसले की शेजारचा काका दचकला. माझ्यासाठी चीज-बिस्किटं आणि मिल्कशेक आणलं त्यांनी. अहो घ्यायला आले होते, व्हॉलंटिअर बाईंनी त्यांनाही आग्रह केला, त्यांनी दोन पाय हाणले आणि म्हणाले तुझ्या वतीने.

काही दिवसांनी मेसेज आला की तुमचं रक्त अमुक हॉस्पिटलला पाठवलंय. गावाचं नाव होतं, आम्ही एकदा तिथे चेरी तोडायला गेलो होतो. अहोंना दाखवला तर चष्मा लावून दोनदा वाचला.

त्यानंतर मी देत असते. अख्खं रक्त बारा आठवड्यांनी देता येतं, प्लाझ्मा दोन आठवड्यांनीसुद्धा, आणि सांगलीहून आल्यावरचे चार महिने मी प्लाझ्माच देते, त्याला जरा जास्त वेळ लागतो, पुस्तक घेऊन जावं. तुमच्यापैकी कुणी त्या काळात यूकेत असाल आणि जुन्या नकारावरच थांबला असाल तर परत एकदा विचारा, तिथे रक्त चढवलेलं असेल तर तेही आधीच सांगा. आणि पाणी प्या, माझ्या मैत्रिणीने प्यायलं नव्हतं, तिची नस सापडेना आणि दोन्ही हातांना बँडेज लावून परत आली.